वर सारलेल्या बांगड्या

बाई, आपल्या दवाखान्यातल्या स्टोव्हवर सुया उकळताहेत. मी एकेकीतून तार घालून पाहते, बोथट असेल ती दगडावर घासते. रबरी नळ्या धुऊन झाल्या आहेत. तेवढ्यात मुकुटबनकडून बैलांची दमणी येते. आत एक बाळंतीण, हगवण-ओकाऱ्यांनी डोळे खोल गेलेली. तुम्ही सलाईन लावायला घेता. हाताची पाठ मोकळी करावी म्हणून मी तिच्या हिरव्या बांगड्यांना हात लावते, तर तिची सासू तो झटकते. "तुये हात मोकळे हायेत ना वं बाई? माह्या सुनेच्या चुड्याले हात नोको लावू. मीच सारतो." आणि कोपराखाली घट्ट रुतेपर्यंत ती त्या सारते.

त्याच मोकळ्या हातावर तुम्ही मला शिरा शिकवल्या होत्या. "धडधडते ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही. बोटाखाली दबून उसळते ती शीर. तिच्यातलं रक्त काळजाकडे परत निघालेलं असतं." मग तुमचं जुनं पुस्तक मी अक्षर लावत वाचायची आणि चित्रातली निळी रेघ माझ्या हातावर शोधायची. नवरा गेल्यापासून त्या हातांकडे मी धड पाहिलंही नव्हतं.

हाताच्या पाठीवर सुई बसली, तुम्ही हातावर बांधलेलं रबर सोडलं, पण बाटलीतून थेंब पडेना. सुई काढून दुसरीकडे टोचली. तेच. पोरगी कण्हलीसुद्धा नाही. तिसऱ्यांदा सुई उचललीत तेव्हा मी म्हटलं, "बाई, बांगड्या. रक्ताची परतीची वाट वरच अडली आहे." सासूनं घाईघाईनं त्या सैल केल्या. सुई बसली आणि थेंब टपटपू लागले.

"इतका वेळ तोंडात सुपारी होती काय वं?" तुम्ही म्हणालात. मी हसले आणि थेंब मोजायला लागले.

पोरगी वाचली. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. आता माझ्या शिरा न दाबताच दिसतात आणि पुस्तक मी न अडखळता वाचते. बरं चाललंय माझं. हा कागद त्याच पुस्तकात राहील.

सुपारी नव्हती, बाई. पहिल्या टोचणीलाच मला बांगड्या दिसल्या होत्या. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन, असले अपशकुन सोडून दोन वर्षं झाली होती, तरी सासूच्या त्या बोलण्यानं माझी जीभ उचलली नाही, आणि त्या पोरीला दोन टोचण्या फुकट बसल्या.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली लावायची होती. मी सासूला विचारलं नाही. पोरीच्या बांगड्या माझ्या हातानं मनगटाकडे सैल केल्या आणि मग तुम्हाला हाक मारली.