भरलेला पेला

रविवार, ३ मे. मिरज, संध्याकाळ

आता कुठं जीव भांड्यात पडलाय. चर्चमधल्या प्रभुभोजनात भाकरीच्या तुकड्यासोबत प्रत्येकाला छोट्या पेल्यातून द्राक्षांचा रस देतात, तो दर महिन्याला मीच करते. तासगावचे बेदाणे शनिवारी भिजवायचे, कुस्करायचे, गाळायचे. या वेळी विट्याला लग्न होतं म्हणून गुरुवारीच केला आणि मूर्खासारखा फ्रीजबाहेर विसरले.

आज पाळकांचा उपदेश नेमका काना गावच्या लग्नावर. तिथं येशूनं केलेला पाण्याचा द्राक्षारस! नंतर पेले धुताना एक भरलेलाच राहिलेला दिसला. चाखला, तर रस आंबलेला, जिभेवर चरचरला. म्हणजे चमत्कार आमच्याकडेही झाला होता.

आमच्या ह्यांनी दारू सोडून सहा वर्षं झालीत. आणि आज त्यांच्या हातात पेला मी स्वतः पाहिलेला. दुपारभर काहीतरी निमित्त काढून जवळ जात होते, तोंडाचा वास घेत होते.

शेवटी हेच म्हणाले, "आगं, किती हुंगशील? भाकर खाल्ली. पेल्याला वास आला, तवा तसाच ठिवला."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"समद्यांम्होरं तुझी फजिती करू व्हय?"

म्हणजे तो भरलेला पेला ह्यांचाच. मीच चाखला, मीच मोरीत ओतला, आणि दिवसभर हुंगत बसले त्यांना.