आंदणातली घोडी

मु. नागरा, पौष महिना, सन १९३४

राजमान्य राजश्री भोजराजजी यांस शालीकरामाचा साष्टांग नमस्कार. चिचगडला आपण सगळे खुशाल असालच. घोडी आमच्या दारात असताना तुम्हांला खुशाल नसायला झालंय काय? मामाजींच्या गुडघ्याला आराम पडला का आणि यंदा धान कसं झालं, ते कळवावं. इकडचं क्षेम विचाराल, तर तुमच्या बहिणीचे दिवस भरत आलेत, बाबूजींचा खोकला जोरात आहे आणि मैना घोडी उत्तम आहे. या घरात उत्तम अशी तेवढी तीच आहे.

गेल्या होळीला बहिणीच्या आंदणात ही घोडी देताना तुम्ही म्हणाला होतात, ‘गाईपेक्षा गरीब आहे जी!’ (तुमच्याकडच्या गाई कशा असतात, हे एकदा येऊन पाहायला हवं.) ती पोटुशी आहे, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. दसऱ्याला तिला शिंगरू झालं आणि सगळं नागरा गाव मला शाबासकी देऊन गेलं, जणू त्यात माझं काही कर्तृत्व होतं! आता शिंगरूही तुमच्या बहिणीच्या माहेरचंच. त्याला ‘हाड’ म्हटलं तरी तिच्या डोळ्याला पाणी येतं, आणि या दिवसांत बाईमाणसाला रडवू नये असं सगळेच म्हणतात. म्हणून मी हल्ली कोणालाच काही म्हणत नाही. तुम्हांला म्हणतो.

थंडीची तयारी आम्ही चारचौघांसारखीच केली होती. धानाच्या तणसाचा ढीग रचला, कुडाच्या भिंती लिंपून घेतल्या, तुमच्या बहिणीने, धनवंताने, जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळी शिवल्या आणि चुलीजवळची उबेची जागा बाळंतिणीच्या खाटेसाठी राखून ठेवली. त्यातली एक वाकळ मैनेने दोरीवरून ओढली आणि चावून तिच्या चिंध्या केल्या. दुसरी शिंगराच्या अंगावर आहे. शिंगरू गारठतं म्हणून तुमच्या बहिणीने त्याला घरात घेतलं आणि चुलीजवळच्या जागेवर आता ते पाय पसरून झोपतं. मी दाराशी गोणपाट पांघरून कुडकुडतो. बाबूजींना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “जनावराले टेकून झोप, मस्त गरम लागते.” (त्यांना स्वतःला शेगडी आहे.) एवढ्यावर भागलं असतं तर मी कागद खराब केला नसता. पण तणसाचा भला मोठा ढीग समोर असताना या घोडीने मान उंच करून पडवीचं छप्पर खाल्लं! आता आमच्या पडवीतून चांदणं आणि वारा दोन्ही फुकट मिळतात.

असो. खरा त्रास चंदीचा आहे. मैना चंदी खाते ती फक्त तुमच्या बहिणीच्या हातून. मी हरभऱ्याचा तोबरा घेऊन गेलो की कान मागे टाकते आणि दात दाखवते. म्हणजे ज्या बाईला धड वाकता येत नाही, तिने या थंडीत पहाटे उठून अंगणात घोडीच्या तोंडाला तोबरा बांधायला जायचं! मला ते बघवेना. म्हणून एके दिवशी मी धनवंताचं लुगडं नेसलो, डोक्यावर पदर घेतला आणि निघालो. घोडी फसली नाही. फसली ती आमची सुईण धुरपताबाई. “पोरी, अशा दिवसांत कोठं जाऊन राहिली वं?” म्हणत तिने मागून माझा हात धरला. मी वळलो. त्या किंकाळीने अर्धं गाव जागं झालं आणि तेव्हापासून विहिरीवर मला कोणी सरळ रामराम करत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमचीही आणि आमचीही. मी गाडी जुंपून तयार होतो. तर धनवंता म्हणाली, “मी गेली तं मैनेले चंदी कोन देईल? उपाशी मारता का तिले?” मी म्हटलं, चल, घोडीलाही नेऊ. तसं तुम्हांला विचारलं, तर तुमचा निरोप आला की दिलेलं आंदण शिवेच्या आत परत घेणं अशुभ असतं. बरं! मग माझी माय तर देवाघरी गेली, निदान तुमच्या मातोश्रींनी इकडे यावं म्हणून विनवलं. त्यावर त्यांचा निरोप, “पोरीले लेकरू झाल्याबिगर मी तिच्या घरचं पानी पेत नाही.” वा! म्हणजे लेकरू व्हायला आई पाहिजे आणि आई यायला लेकरू पाहिजे! तुमच्या घराण्यात हे कोणाच्याच ध्यानात कसं आलं नाही? घोडी परत घेणं अशुभ, पाणी पिणं अशुभ, आणि पोरीने एकटीने कळा सोसाव्या हे शुभ का? मला इतका संताप आला आहे की समोर असता तर मी तुम्हांलाच तोबरा बांधला असता.

वडिलांना दंडवत, मुलांना आशीर्वाद. रागाचा राग धरू नये. माझा धरला तरी हरकत नाही, पण बहिणीचा धरू नये.

आपला,
शालीकराम

ता. क. रीत मोडा असं मी म्हणत नाही. मातोश्रींनी आपल्याच विहिरीचं पाणी घागरीत भरून आणावं, तांदूळ-डाळही आणावी. अंगणात त्यांना वेगळी चूल मांडून देतो. आमच्या घरचं काही नको, फक्त लेकीच्या उशाशी बसावं. धनवंता भ्याली आहे. ती घोडीच्या मानेला टेकून नुसती उभी राहते. मीही भ्यालो आहे.

ता. क. दुसरा. कागदाची घडी घालत होतो तोच कळा सुरू झाल्या आणि पत्र तसंच राहिलं. मुलगी झाली. धुरपताबाईने फार केलं. दोघी सुखरूप आहेत, पण तुमची बहीण पार थकली आहे. मैना सकाळपासून उपाशी उभी होती. शेवटी बाबूजी शिव्या देत तोबरा घेऊन गेले, तर मुकाट्याने खाल्लं. (शिव्या चिचगडी होत्या, तिला माहेरच्या वाटल्या असतील.) आता मातोश्रींना आमचं पाणी चालतं, तेव्हा घागर नको, चूल नको, हे पत्र पोचताच गाडी जुंपा. माय निघाली का, असं धनवंता सारखी विचारते. मी ‘निघाली’ म्हणून सांगून बसलो आहे. मला खोटं पाडू नका.