गोल डोक्याचा दोष

३ जून २०१२
दिनेश अन् सून रेखा नागपूरवरून आले. लग्नाले सात वर्षं झाली, आता कुठं माझ्या पोराची तपासणी झाली. आजवर रेखालेच नेत होती मी. प्रतापगडचा दर्गा, दरेकशाचा वैद्य, सारं तिलेच. पाय धुता धुता दिनेश म्हणे, "माय, दोष माझ्यात आहे. डोकं गोल आहे, टोकच नाही." अन् टॉवेल घेऊन आत गेला. मी त्याच्या डोक्याकडे पाहूनच राहिली.

४ जून
जेवण गेलं नाही. डोकं तर मीच गोल केलं. सव्वा महिना राईच्या उशीवर निजवला, चपटं होऊ नये म्हणून. बायका म्हणत, काय सुंदर डोकं घडवलं. मले काय माहीत की पुढं... धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे आहेत, हात चालत नाही.

५ जून
रेखाले उशीचं सांगून टाकलं. ती हसता हसता भिंतीले टेकली. "आई, त्यांचं डोकं नाही. बीजाचं." परातीतल्या पिठात बोटानं काढून दाखवलं. खाली शेपूट, वर डोकं. टोकात रस असते, त्यानं बाईच्या अंड्याचं कवच उघडते. दिनेशचे सारे गोल, रसच नाही. कवचापाशी जातात अन् थांबतात. "जन्माचंच आहे आई. कोणी केलं नाही."
मी म्हटलं, अन् तुझ्यात?
"माझ्यात तर नव्हतंच ना." हळूच बोलली. मले पिठाकडेच पाहावं लागलं.

१२ ऑगस्ट
सपन पडलं. चोरखमाऱ्याचा तलाव, पाणी दुधासारखं. बेडकाच्या पिल्लांवाणी बारीक बारीक गोल जीव पोहून राहिले. मधात पांढरं दार. सारे येऊन टेकतात, दार काही उघडत नाही. मी काठावरून हाका मारू म्हणते, पण कोणाचं नावच ठेवलं नाही अजून.

१८ ऑगस्ट
तीन दिवसांआधी नागपूरच्या डॉक्टरनं सुईनं एकेक बीज अंड्यात नेऊन ठेवलं. पाच अंड्यांपैकी एकच रुजलं. आज ते रेखाच्या पोटात सोडलं. म्हणजे मी आजी झाली. फोटो दिला कागदावर, आठ बुडबुडे एकमेकाले चिकटलेले. नाक कोणावर गेलं म्हटलं, तर दिनेश म्हणे, "माय, नाक कुठं आहे अजून." हसला. कधीचा हसला नव्हता. फोटो माझ्या लुगड्याच्या घडीत ठेवला. दोनदा पाहून आली. चहा उतू गेला.

१ सप्टेंबर
दोघं सकाळच्या गाडीनं नागपूरले गेले. रक्त तपासून, राहिलं का ते दुपारी कळेल. निघताना रेखानं दारात विचारलं, "आई, नाही राहिलं तर त्या फोटोचं काय करायचं?"
मी म्हटलं, "फोटो माझा आहे. तुले काऊन त्याचा घोर?"
तिनं माझा हात धरला, मग सोडला.
आता बारा वाजले. मोबाईल खिडकीत ठेवला आहे, तिथंच रेंज येते.