मोजलेलं आणि ठेवलेलं

मुंबई, ३ डिसेंबर १९७२

प्रिय नृसिंह,

दमलेय रे. पंधरा दिवस ऑफिसात एकाच भानगडीत गेले. आधी तीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दुष्काळी कामांवर कुठे किती माणसं आहेत, ते आमचं कॉम्प्युटर मशीन मोजतं. तुमच्या पाथर्डीतले खडी फोडणारेही त्यात आले. मोजायला फार वेळ लागतो, म्हणून मी युक्ती केली. आधीचा आकडा ठेवलेला असेल तर मशीनने तोच काढून द्यायचा, नसेल तरच नव्याने मोजायचं. या कामाला नाव दिलं 'मोजणी'. नावाला इंग्रजी सहाच अक्षरं चालतात, त्यात हे नेमकं बसलं आणि मी खूश! शेजारच्या टेबलावरच्या दमयंतीने नोव्हेंबरच्या अहवालासाठी 'मोजणी' मागवली. नाव वाचून तिला वाटलं, ताजा आकडा येईल. मशीनने दसऱ्याचाच हातावर ठेवला. तेव्हापासून कामावरची माणसं दुप्पट झालीत. धान्य निम्मंच गेलं असतं. अहवाल निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी पकडलं. बोलणी दमयंतीला बसली, चूक माझी असून. मग मी उठून कबूल केलं. साहेब म्हणाले, "मोजत नसेल, तर त्याला मोजणी म्हणू नका." आता दोन वेगळी कामं, दोन वेगळी नावं केलीत. मशीनला हुकूम देणारी सगळी कार्डं पुन्हा पंच करून, भोकं पाडून मान अवघडली आहे.

काल खोलीवर तुझी पत्रं काढून बसले. आईची आठवण येत होती, दुसरं काही नाही. ऑगस्टचं, सप्टेंबरचं, दिवाळीचं, परवाचं. चारही पत्रांत तेच. 'आई बरी आहे. काल दीड भाकरी खाल्ली, शेजारी केशरबाईंकडे गप्पा मारून आली.' अरे, चार महिने तीच दीड भाकरी?

चिडले नाही. मी तरी काय करते? दर वेळी 'मी खुशाल' म्हणून मागचंच उतरवते. जेवण जात नाही हे कधी लिहिलं? पण नाना गेले तेव्हाही तू माझ्या परीक्षेपायी आठ दिवस लपवलंस. ते मी अजून विसरलेले नाही, आणि म्हणूनच भीती वाटते.

रजा मिळाली आहे. शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघतेय, अडवू नकोस. हे पत्र हातात पडलं की आईजवळ जाऊन बस. आज तिने काय खाल्लं, उठून बसते का, जे दिसेल ते तारेने कळव. वाईट असलं तरी कळव. आणि खरं सांग, मला ओळखेल ना रे ती?

तुझीच थकलेली अक्का,
नीलांबरी