कानबाई औंदा धुळ्याला

८ जून, रविवार

आज पुन्हा दुखलं! उजव्या बरगडीखाली, तिथून थेट पाठीत. जेवणं झाली आणि थोड्याच वेळात मी आडवी. बाहेरच्या खोलीत सगळे खिदळताहेत, आणि मी मोरीत उलट्या करतेय.

धाकटी जाऊ आली होती धुळ्याहून. हेमलता. शेवभाजी तिनं केली — माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच कढईत! वर बोटभर तर्री. हे दोनदा वाढून घेत म्हणाले, "याला म्हणतात शेवभाजी!" मग इतकी वर्षं मी काय वाढत होते? गुपचूप खाल्ली. बरी होती. चांगली होती — इथं लिहायला काय जातंय.

मागच्या महिन्यात दुखलं तेव्हाही हीच आलेली.

१५ जून

पिंप्राळ्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. "पित्त वाढलंय, ताई. चहा कमी करा, जागरण नको." ईसीजी काढला, तो चांगला निघाला. तेव्हापासून हे माझ्याकडे असे बघताहेत की जणू मी सोंग घेतलंय. वाईट निघाला असता म्हणजे बरं वाटलं असतं का यांना?

२२ जून

दुखलं नाही. हेमलता आली नाही.

२९ जून, रविवार

आली! "ताई, तुम्ही बसा, मी करते." बसले. पुऱ्या, भजी, पापड — कढई गॅसवरून उतरलीच नाही. तेजस तर काकूच्या मागे मागे. सोळा वर्षांचा घोडा, आईनं हाक मारली की कान बंद!

संध्याकाळी तेच. या वेळी घामानं ब्लाऊज भिजला. ती पाठ चोळायला आली, मी हात झटकून टाकला. म्हणते कशी, "ताई, सोनोग्राफी करून घ्या ना. माझ्या वहिनीला असंच दुखायचं, खडे निघाले." घ्या! आता डॉक्टरीणही हीच. आणि हे लगेच, "उद्याच जाऊ." मी एवढे दिवस कण्हतेय तेव्हा काही सुचलं नाही, तिनं म्हटल्याबरोबर गाडीची किल्ली हातात!

नाही म्हटलं मी. तिनं सांगितलं म्हणून तर मुळीच नाही.

ती गेल्यावर सासूबाईंना, अक्कांना, मनातलं सांगितलं. हिच्या हातचं मला सोसत नाही, हिची दृष्ट लागते. अक्कांनी मीठ-मिरच्या उतरवून गॅसवर टाकल्या. ठसका कुणालाच आला नाही. "भलती नजर शे व बाई," म्हणाल्या. फार बरं वाटलं मला. दुखणं तसंच होतं, पण बरं वाटलं.

६ जुलै

अक्का सकाळी चहा घेता घेता सहज बोलून गेल्या — "तुना जीव बरा नही शे. औंदा कानबाई धुळाले बसाडूत. हेमलता करी लेई बठ्ठं."

बठ्ठं! देवीला सजवणं, नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळणं, पुरण, रात्रीची गाणी — सगळं बठ्ठं!

लग्न झाल्यापासून कानबाई माझ्या घरी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद माझ्या दारात येतात. वर्षभर कुणी विचारत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना सगळं मलाच विचारावं लागतं. तेही आता हिला! दृष्ट हिचीच म्हणणाऱ्याही अक्का, आणि देवी हिच्याच घरी पाठवणाऱ्याही अक्काच!

९ जुलै

आज ठणठणीत असल्याचं दाखवून द्यायचंच ठरवलं. वरण-बट्टी केली. बट्ट्या खरपूस तळल्या, वर तूप ओतलं. चार घास जास्तच खाल्ले, अक्कांच्या समोर बसून.

दुपारी जमिनीवर लोळत होते. श्वास घेता येईना. अंगात ताप. हेमलता धुळ्याला, मी इथं. कुणावर ढकलू?

१० जुलै

झाली सोनोग्राफी. स्टेशनकडच्या सर्जनकडे नेलं यांनी. पित्ताशयात खडेच खडे, आणि सूज. "हे दुखणं तेलकट-तुपकट खाल्ल्यावरच उठायचं ना?" डॉक्टरांनी विचारलं. हेच बोलले, "भाऊ-भावजय आले की आमच्याकडे तळण निघतंच, साहेब."

एवढंच होतं तर. पाहुणे आले की कढई चढते, कढई चढली की खडे दुखतात. नजर नाही, काही नाही. हेमलता सुटली. मला, खरं सांगायचं तर, त्याचंही थोडं वाईट वाटलं.

सूज उतरली की दुर्बिणीनं ऑपरेशन. लांबवलं असतं तर पित्ताशय फुटलं असतं म्हणाले. खूप भीती वाटतेय. तेजसच्या लग्नात मी असेन ना?

१५ जुलै

आज ऑपरेशनला नेतील. हेमलता पहाटेच्या एसटीनं आली. कुणी बोलावलं?

१९ जुलै

घरी आले. पोटावर चार छोटी छिद्रं, बाकी काही नाही. दुखणं गेलं! पाठीतली ती कळ गेली!

हेमलता अजून इथंच. बिनतेलाची खिचडी करते, तीही चवदार! पाणी पाहिजे म्हटलं की तेजस हाक मारतो, "काकू, आईला पाणी." डबे तिनं नव्याने लावलेत. हळद सापडत नाही मला माझ्या घरात. तिचं काही चुकत कसं नाही? एकदा तरी खिचडी लागू दे खाली!

२४ जुलै

गेली आज. अक्का तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. मला माहेरी जाताना उंबऱ्यातूनच "ये बरं" म्हणतात. हळद सापडली.

१ ऑगस्ट, शुक्रवार. धुळे

गाडीनं आणलं मला. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. बघितलं.

दुपारी रोटांचा गहू काढला. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, असा नेम. मुठी घ्यायला हेमलता बसली. माझ्या जागी! यांची झाली, हिच्या नवऱ्याची, गोपाल भाऊजींची झाली, तेजसची झाली. मग तिनं आणखी एक सव्वा मूठ सुपात टाकली.

अक्का म्हणाल्या, "ही कोन्ही व?"

"ताईंची. ऑपरेशनच्या दिवशी देवीला नवस बोलले होते मी."

"बाईमानूसनी मूठ राहस का कोठे?"

"औंदा राहील, अक्का."

अक्का सूप जवळ ओढून गहू निवडायला लागल्या.

मागच्या खोलीत जाऊन रडले, टाके ओढले जाईपर्यंत. आणि तरी मेलं मनात आलंच — एवढी वर्षं मुठी मीच घेत होते, हे मला का नाही सुचलं?