माझं वर्तुळ कोण सुधारतंय?

बुधवार, शिक्षकखोली
(कोपऱ्यातली खुर्ची, पाठ भिंतीला)

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, आणि तुझ्या मते अजून पुरत्या न सुधारलेल्या भावाचा वाकून नमस्कार. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल अशी आशा करतो, खात्री मात्र धरत नाही, कारण मागच्या खेपेला तू 'सगळं मजेत' म्हणालीस आणि नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं की भावोजी जिन्यावरून घसरून आठ दिवस अंथरुणात होते. तेव्हा तुझ्या गुडघ्याचं खरं काय ते लिही. डॉक्टर काय म्हणाले ते लिही, तू डॉक्टरांना काय म्हणालीस ते नको.

हवा पालटली आहे. पाऊस संपला, पहाटे जरा गार वाटतं, आणि वर्गाच्या खिडकीपाशी जे झाड आहे त्याची पिवळी पानं पहिल्या तासाला एकेक करून आत येतात. तुला ठाऊक आहे, वर्षातला हा महिना मला सगळ्यात आवडतो. मुलं तोवर माझ्या ओरडण्याला सरावलेली असतात आणि परीक्षा अजून लांब असतात. पण यंदा माझं कशात लक्ष नाही. ताई, माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की, कुठे ते शोधून काढायला मला तीन आठवडे लागले. सविस्तर लिहितो, दमाने वाच. (आणि भावोजींना वाचून दाखवताना मधल्या ओळी गाळू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.)

पहिल्यापासून सांगतो. महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून खुर्चीवर बसवलं. एकतीस वर्षांत मला त्या खोलीत कोणी बसा म्हटलेलं नाही, तेव्हाच मी सावध झालो. म्हणाल्या, दहावीची भूमिती यापुढे तुमच्याकडेच ठेवायची की नव्या बाईंकडे द्यायची, हे मी एकदा तुमचा तास बघून ठरवते. तास बघायला येणार परवा, शुक्रवारी. एकतीस वर्षं मी तो वर्ग घेतोय! आणि नव्या बाई कोण, तर गेल्या वर्षी आलेल्या, जाड चष्म्याच्या, मऊ बोलणाऱ्या. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ते हेच. दहावी गेली तर माझ्याकडे पाचवीचे दोन वर्ग आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या उरतात. ताई, तुझ्यापाशी लपवत नाही, तो वर्ग गेला तर सकाळी उठून मी चपला कशासाठी घालायच्या हे मला खरंच कळत नाही.

आता माझी पद्धत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दहावीचा भूमितीचा तास पहिला असतो. म्हणून मी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावरच फळ्यावर आकृती काढून ठेवतो आणि कोपऱ्यात चौकट करून लिहितो, 'पुसू नये'. वर्तुळ मी नुसत्या हाताने काढतो. कंपास नाही, काही नाही, खांद्यातून हात फिरवायचा की झालं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तपासनिसाने खिशातून सुतळी काढून माझं वर्तुळ मोजलं होतं आणि सुतळी मुकाट्याने परत खिशात घातली होती. (तो प्रसंग तू बावीस वेळा ऐकला आहेस, हे मला ठाऊक आहे.)

तर एका मंगळवारी मी असंच वर्तुळ काढून घरी गेलो. खरं सांगायचं तर ते जरासं पोटाशी सुटलं होतं. खडू ओलसर होता, फळाही जुना झालाय. सकाळी येऊन बघतो तर वर्तुळ गोल! चांगलं गरगरीत गोल. मी विचार केला, काल उजेड कमी असेल. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. संध्याकाळी बटाटा, सकाळी वर्तुळ. बरं, कोणी माझी आकृती बिघडवली असती तर मी समजू शकलो असतो, शाळेत असले उद्योग चालतात. पण आपल्यावर डूख धरणारा माणूस आपलं काम सुधारून कशाला ठेवेल? फुकटचा आवळा दिसला की मी आधी कोहळा कुठे गेला ते बघतो.

मी सापळा लावला. वर्तुळाच्या रेषेवर पेन्सिलीने तीन बारीक ठिपके दिले आणि खडू फळ्याच्या चौकटीवर टोक खिडकीकडे करून ठेवला. सकाळी दोन ठिपके रेषेच्या बाहेर आणि खडूचं टोक दाराकडे. मग मी संशयितांचा विचार केला. शिपाईमामांशी माझं डस्टरवरून भांडण झालेलं आहे, पण त्यांना सरळ रेषसुद्धा मारता येत नाही. मोठ्या बाई हे स्वतः करणार नाहीत, त्यांना खडूची ॲलर्जी आहे. उरल्या नव्या बाई. त्यांचा डाव मला झोपेतही दिसायला लागला. संध्याकाळी माझ्या बटाट्याचा फोटो काढायचा, सकाळी स्वतःच्या वर्तुळाचा काढायचा, आणि शुक्रवारी दोन्ही फोटो मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायचे. गोगलगाय अन् पोटात पाय! त्यात त्या हल्ली माझ्याशी फारच गोड वागतात. परवा हजेरीचा तक्ता भरायचा होता, तर 'द्या सर, मी भरते' म्हणून हातातून ओढूनच घेतला. मी त्यानंतर तो तक्ता दोनदा तपासला. चूक नव्हती, त्यामुळे संशय आणखी वाढला.

आणि घरी? घरचे भेदी तर काय, आधीच घरात असतात. ही गेले काही दिवस मला अर्धा कप चहा देते. अर्धा! पुन्हा हवा असेल तर पुन्हा अर्धा देते, पण एका वेळी भरून देत नाही. मी विचारलं तर म्हणते, गरम राहतो. माझे बटणांचे शर्ट कपाटाच्या मागच्या खणात गेलेत आणि डोक्यातून घालायचे तीन नवे समोर आलेत. दाढीचा साधा वस्तरा नाहीसा होऊन त्या जागी विजेचं यंत्र आलंय, ते गुणगुणतं आणि दाढी अर्धी ठेवतं. मी म्हटलं, हे सगळं काय चाललंय? तर ही म्हणाली, "काही नाही हो, स्वस्तात मिळालं." ताई, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ही काही स्वस्तात मिळालं म्हणून आणत नाही. हिचं आणि नव्या बाईंचं फोनवर बोलणं होतं, हेही मला आता कळलंय.

शेवटी आज पहाटे मी कंबर कसली. सहाला उठून निघालो. हिने विचारलं कुठे, मी म्हटलं फिरायला. "फिरायला? हातात पट्टी घेऊन?" मी पट्टी पाठीमागे धरली. शाळा उघडायला शिपाईमामा आले होते, त्यांनाही सांगितलं की मी आलोय हे कोणाला बोलायचं नाही. (त्यांनी इतक्या सहज मान डोलावली की मला वाटलं तेही सामील आहेत.) दहावीच्या वर्गात नकाशांचं उंच कपाट आहे, त्याच्या आणि भिंतीच्या मधे मी शिरलो. ती जागा माझ्या अंगाच्या मानाने फारच कमी पडली, ताई. एक पाय आखडला, नाकात धूळ गेली, आणि गुंडाळलेला एक नकाशा पाऊण तास माझ्या कानात टोचत होता.

पावणेसातला दार वाजलं. आले चौघंजण. वर्गाची मॉनिटर, तिच्या दोन मैत्रिणी, आणि मागच्या बाकावरचा लंबू, ज्याने वर्षभरात स्वतःहून एक गृहपाठ केलेला नाही. लंबूने खिशातून दोरी काढली. तिचं एक टोक फळ्यावर मधोमध अंगठ्याने दाबलं आणि दुसऱ्या टोकाला मॉनिटरने खडू बांधला. आठवीत मीच शिकवलं होतं हे, मैदानावर. ओल्या फडक्याने त्यांनी माझं वर्तुळ तेवढंच पुसलं, बाकीच्या रेषांना धक्का लावला नाही. 'पुसू नये'ला तर अजिबात नाही.

"ए, एवढं गोल नको," मॉनिटर म्हणाली. "सोमवारसारखं केलंस तर सरांना संशय येईल."

"सरांना कशाचाही येतो," लंबू म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय. डावीकडे जरा दाब. सरांचं पहिल्यापासून डावीकडे दबतं."

(हे धादांत खोटं आहे. सुतळीवाला तपासनीस हयात असेल तर विचारा.)

दारात पहाऱ्याला कोण, तर नव्या बाई! एक डोळा व्हरांड्यावर, एक घड्याळावर. "आटपा रे, सव्वासातला सर फाटकात असतात." मग मॉनिटरने विचारलं, "बाई, पण शुक्रवारचं काय? मोठ्या बाई समोर बसणार. सरांना तेव्हा सगळ्यांच्या देखत काढावं लागेल." नव्या बाईंनी व्हरांड्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "मला हा वर्ग नकोय, हे मी मोठ्या बाईंना सांगून आलेय. त्या ऐकतील की नाही, माहीत नाही. शुक्रवारी सरांचा हात बरा असला म्हणजे झालं."

हात! मी कपाटामागे उभा होतो आणि माझा हात माझ्याच आखडलेल्या मांडीवर होता. मी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मुलं प्रार्थनेला मैदानावर गेली तसा मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि घंटा झाल्यावर पुढच्या दाराने आत आलो. (पाठीला चुना लागला होता, तो सगळ्या वर्गाने बघितला आणि कोणी काही बोललं नाही, यावरून यांची तयारी ओळख.) फळ्याकडे बघून म्हटलं, "वर्तुळ डावीकडे दबलंय." मॉनिटरने मान खाली घातली. मी डस्टर घेतलं आणि सबंध आकृती पुसून टाकली, म्हटलं दाखवतोच आता यांना. खडू उचलला, फळ्याला टेकवला, आणि टेकवलेल्या जागी खडूने आपणहून टकटक टकटक असे बारीक ठिपके काढायला सुरुवात केली. वर्गात त्रेचाळीस मुलं होती आणि एकाचंही बाक वाजलं नाही. मी खडू खाली ठेवला आणि आकृती वहीत काढा म्हणून सांगितलं. मला राग आला, ताई. मग लाज वाटली. मग पुन्हा राग आणला, कारण त्याची मला सवय आहे.

तर प्रकार हा असा. कट आहे हे सिद्ध झालं, माझा अंदाज चुकलेला नाही. विद्यार्थी, सहकारी, शिपाई आणि माझी स्वतःची बायको असे सगळे त्यात आहेत. फक्त तो कोणाविरुद्ध आहे एवढंच मला अजून नीट सांगता येत नाही.

भावोजींना नमस्कार. त्यांना जिना उतरताना कठडा धरायला सांग. मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या त्या शेजारणीला काहीच सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. शुक्रवारचं मी ठरवलंय. दोरी मी स्वतः नेणार, लंबूला फळ्यापाशी उभा करणार, आणि मोठ्या बाईंच्या समोर मुलंच वर्तुळ काढतील. मी मागे उभा राहून चुका काढीन. चुका काढायला हात लागत नाही. नव्या बाईंबद्दल वर जे लिहिलंय ते खोडणार होतो, पण खोडाखोड केली की तू ती उजेडात धरून वाचतेस, म्हणून तसंच ठेवलंय.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे एकच गोष्ट विचारायची होती, बाकीचं सगळं उगाच लिहिलं. बाबांचा हात कापायला लागला तेव्हा तू कॉलेजात होतीस, मी लहान होतो. मला एवढंच आठवतं की माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही यायची, आणि मग एका वर्षी आईची यायला लागली. मधे किती वर्षं गेली? म्हणजे पहिल्यांदा लक्षात आल्यापासून सही बंद होईपर्यंत. तुला नक्की आठवत असेल. फोनवर विचारलं नाही, कारण तू आधी गप्प झाली असतीस आणि मला सगळं त्यावरूनच कळलं असतं. लांबलचक पत्र लिहू नकोस, नुसता आकडा कळव. आणि आकडा फारच लहान असेल, तर थोडा वाढवून लिही. मी संशय घेणार नाही.