भावजी, भाव काय?

प्रिय भावजी,

दिराला ‘प्रिय’ लिहितात का, ते आमच्या गावच्या बाईंनी शिकवलं नव्हतं. शाळेत सगळी पत्रं मामालाच लिहायची असायची. पण तुमच्या नावातच भाव, वर त्याला ‘जी’ लावलेला, म्हणजे मान द्यायलाच हवा. रक्तदाब वाढलाय असं कानावर आलं. तुमचं सगळं वाढतंच मेलं.

हे गेले त्याला वर्ष व्हायच्या आत तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आला होतात, आठवतं? घर तुमचं, पण तिथली फरशी यांनी गुडघ्यांवर बसून घातलेली. भावाकडून कसली मजुरी घ्यायची, म्हणाले. मी चहा दिला. तुम्ही बशीत ओतून, फुंकर मारून प्यालात आणि म्हणालात, "वहिनी, बाजारात भाव वाढलाय, माझ्या हातात काय आहे?" मी बघितलं, हातात माझीच बशी होती. दुप्पट भाडं द्या, नाहीतर जागा सोडा. सोडली. शिलाई मशीन जिन्यावरून उतरवताना एक टोक जाऊबाईंनी धरलं, तर तुम्ही वरून ओरडलात, "सोड ते, उसण भरेल."

शिंप्याच्या दुकानामागची खोली घेतली. तुमच्या भाववाढीत माझं बरं चाललं हो. जो तो घर घेत होता, आणि घर घेतलं की पडदे आलेच. तुम्ही कर्ज काढून ती सात मजली, अर्धीच बांधलेली इमारत घेतलीत, तेव्हा मी म्हटलं, सगळ्या खिडक्यांचे पडदे मला द्या. तुम्ही हसलात. म्हणालात, चिंध्या नकोत.

मग लोखंड चढलं, सिमेंट चढलं, काच चढली, मजुरी चढली आणि सगळ्यांच्या डोक्यावर व्याज जाऊन बसलं. लोकांकडून आगाऊ पैसे घेताना तुम्ही जुना भाव पक्का लिहून दिलेला. खिडक्या राहिल्या त्या राहिल्याच. परवा त्या बाजूने गेले होते. आत कबुतरं नांदतायत, फुकट. त्यांना सांगून बघितलंत का, भाव वाढलाय म्हणून?

बँकेने एकेक करून तुमची घरं विकायला काढली. तिसऱ्या मजल्याच्या लिलावाला तुम्ही आला नाहीत. मी गेले होते, ठेवणीतलं लुगडं नेसून. व्याज एवढं चढलेलं, की कर्ज काढून घर घ्यायला कुणी उभं राहीना. रोकडवाली मी एकटी. यांच्या विम्याचे पैसे तेव्हा तुमच्या भावाला पुरले नसते, आता पुरले. तुमचा भाडेकरू भिंती खराब करून गेला, पण फरशी एक हललेली नाही. सकाळी अनवाणी फिरते मी तिच्यावर.

शिंप्याकडे ठेवलेला निरोप पोचला. बंगला गेला, जाऊबाई रागावून माहेरी गेल्या, त्या अर्ध्या इमारतीत मी एकटाच आहे, मागच्या खोलीत कोपरा द्या. भावजी, ती खोली मी सोडली. इथे एक खोली रिकामी होती, तुम्हाला देऊही शकले असते. पण तिच्यात जाऊबाई राहतात. माहेरी वगैरे कुठे गेल्या नाहीत त्या. आत्ता समोर बसून पडद्याला दुमड घालतायत, आणि त्यांच्याच सांगण्यावरून हे लिहितेय. त्यांना परत यायचं नाही, तुम्ही इकडे फिरकू नका. मी आपलं विचारलं, एकदा बोलवू का भावजींना? एवढं ओझं एकटे कसे उचलतील? मान वर न करता म्हणाल्या, "नको. मला उसण भरेल."

तेव्हा तुम्ही आपल्या इमारतीतच राहा. वारा फार लागत असेल, तर पडदे शिवून पाठवते. कापडाचा भाव मात्र वाढलाय, माझ्या हातात काय आहे?

तुमचीच,
चिंध्यांवाली वहिनी